मावशीचा ळ

शनिवारी दुपारी चर्च उघडलं की माझं पहिलं काम म्हणजे प्रभुभोजनाच्या मेजावरची कबुतरांची घाण खरवडणं. छताखाली झरोके आहेत, त्यांना जाळी बसवायची असं कमिटीत मी रिटायर झाल्यापासून ऐकते आहे. जाळी बसेल तेव्हा बसेल, तोवर मी, एक जुनी सुरी आणि सोड्याचं पाणी. मग मेजावरचं पांढरं कापड. तेही घरी नेऊन मीच धुते, हलकी खळ घालते, इस्त्री करते. द्राक्षरसाच्या डागावर आधी मीठ चोळायचं. मेणबत्तीचं मेण सांडलं असेल तर वर कागद ठेवून गरम इस्त्री फिरवायची, म्हणजे मेण कागदात उतरतं. पितळी क्रूस चिंचेनं घासायचा. बिनपगारी कामं ही, कुणी सांगितलेली नाहीत, आणि मला आवडतात. कबुतरांच्या घाणीची मला कधी किळस आली नाही. बाप्पा, घाणच ती, पुसली की जाते! किळस आली ती माझ्याकडच्या आणखी एका कामापायी. कोणत्या रविवारी कोण शास्त्रपाठ वाचणार याची यादी लिहून चर्चच्या दाराशी चिकटवायची, हे ते काम.

आमचं गाव म्हणजे रेल्वेनं येणाऱ्यानं मलकापूरला उतरून जीप धरायची, एवढं मोठं. एरवीच्या रविवारी अर्धी बाकं रिकामी असतात, नाताळला माणसं दाराबाहेर उभी राहतात. उपासनेतला पहिला पाठ मंडळीतलं कुणीतरी वाचतं, दुसरा आणखी कुणीतरी, आणि शेवटचा पाळक स्वतः. वाचणाऱ्यानं पुढं लाकडी स्टँडपाशी जायचं, हात जोडून आधी 'जय ख्रिस्त' म्हणायचं, मंडळीनं उलट 'जय ख्रिस्त' म्हणायचं, आणि मग पाठ सुरू करायचा. हा आमच्याकडचा रिवाज आहे. कोण कधी वाचणार ते मी तीन-चार महिने आधी ठरवते, आणि यादीत एकदा नाव लागलं की माणसं ते जपून ठेवतात.

या यादीत मावशी होती. सगळ्या मंडळीची ती मावशीच. पिंपळगाव राजाची, नवरा गेल्यावर इकडं आलेली, लोकांच्या शेतात निंदण-वेचणीला जाणारी. पन्नाशी उलटल्यावर तिनं चर्चच्या व्हरांड्यात माझ्याजवळ बसून अक्षरं गिरवली. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण असा विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही. जे सांगावं ते डोळे मिटून खरं मानणार. एकदा तिनं पाटीवर ळ आणि य शेजारी काढले आणि मला विचारलं, "बाई, एकाच आवाजाले दोन अक्षरं काऊन हो?"

कारण तिच्या तोंडी ळ नव्हताच. आमच्या अर्ध्या मंडळीच्या तोंडी नाही. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, कावळा म्हणजे कावया. मी हसले आणि म्हटलं, "दोन्ही एकच समजा अन् पुढं चला." उशीर होत होता, मला घरी जायचं होतं. तिनं दोन्ही एकच समजले.

दोन वर्षांनी तिचं नाव मी यादीत घातलं. शब्दाखाली बोट ठेवून, एकेक शब्द उचलून ती वाचायची. पाठ संपायला वेळ लागायचा, पण मंडळी बसून राहायची. ती बाळाला बाय म्हणायची, काळोखाला कायोख म्हणायची, आणि कुणाच्या बापाचं काही जात नव्हतं.

मग मोबाईल आला. कमिटीचे सेक्रेटरी सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, वेळ भरपूर. त्यांनी एक स्टँड विकत आणला, त्याला मोबाईल अडकवला आणि दर रविवारची उपासना सगळ्या जगाला दाखवू लागले. जग म्हणजे मुख्यतः त्यांचे पुण्याचे व्याही. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी मावशीची पाळी होती. त्या दिवशीच्या पाठात 'काळ' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता, आणि मावशी दर वेळी 'काय' वाचत होती. संध्याकाळी व्याह्यांनी त्या व्हिडिओखाली लिहिलं, 'या बाई सारखं काय, काय असं कुणाला विचारत आहेत?' आणि पुढे हसणारी पिवळी तोंडं, ओळभर.

सेक्रेटरींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. व्याह्यांना बोलायची सोय नाही, मुलगी दिलेली. त्यांनी कमिटी बोलावली. खुर्चीच्या टोकावर बसून हा माणूस म्हणाला, "वाचन शुद्ध पायजे, पायकसाहेब. आपलं आता सगये पाह्यतात."

पायकसाहेब! पाळक म्हणता येईना याला, सगळे म्हणता येईना, आणि हा मावशीचं वाचन शुद्ध करायला निघाला. मी तिथंच हसायला हवं होतं. टेबलावर हात मारून हसायला हवं होतं. पण त्या खोलीत बसलेल्या सहा जणांपैकी चौघे असेच बोलतात, आणि चौघांनीही गंभीर तोंडं करून माना हलवल्या. पाळकसाहेब तरुण, बाहेरचे, नुकतेच आलेले. ते म्हणाले, "कुणाचं मन दुखवायचं नाही आपल्याला, पण..." आणि पणच्या पुढे ते काही बोललेच नाहीत. त्या पणची मला शिसारी आली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाई पुण्याला डी.एड. झालेल्या, बाईंचे उच्चार शुद्ध, तेव्हा वाचणाऱ्यांची परीक्षा बाईंनी घ्यावी.

माझे उच्चार कसे शुद्ध झाले ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. डी.एड.च्या पहिल्या आठवड्यात मी वर्गात उभी राहून फळ्याला 'फया' म्हटलं होतं. सगळा वर्ग हसला, मॅडमही हसल्या. त्यानंतर मी आरशासमोर उभी राहून जीभ दुखेस्तोवर फळा, फळा म्हणत राहिले. सुट्टीत घरी आले तेव्हा माझी आई मला म्हणाली, तू पाहुण्यासारखी काऊन बोलून राह्यली? मला तेव्हा अभिमान वाटला होता. तर ज्या बाईला ते हसणं माहीत होतं, त्या बाईनं कमिटीला काय सांगितलं? "घेते परीक्षा," असं सांगितलं. अरे हट्! मला स्वतःचंच तोंड पाहू नये असं वाटतं.

आता अडचण अशी की नाताळचा पहिला पाठ मावशीकडे होता. यादी मी ऑगस्टमध्येच लावली होती. मावशीनं तो पाठ कागदावर उतरवून घेतला होता आणि तो कागद तिच्या पिशवीत असायचा. परीक्षेचं सांगायला मी गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाई, काय कराव लागते ते सांगजा, मी करतो. पण मायं नाव काढू नोका. नातायाले पोरगं येऊन राह्यलं."

मुलगा पुण्याला कंपनीत होता. चांगला होता, पैसे पाठवायचा, फोन करायचा. फक्त आईविषयी बोलताना तो म्हणायचा, आमची आई अडाणी आहे. सुनेला तेच सांगितलेलं, सुनेच्या माहेरी तेच. मावशीनं त्याला फोनवर दोनदा सांगून पाहिलं की मी वाचतो म्हणून. तो "बरं बरं" म्हणाला. त्याला वाटलं, दोन-चार अक्षरं ओळखत असेल.

"त्यानं मले वाचतांनी एकडाव बी नाई पाह्यलं," मावशी म्हणाली. "त्याले बाकावर बसून आयकू द्या. मंग तुमी मायं नाव कायमचं काढा, मी काई म्हणत नाई."

मग आम्ही सुरू केलं. वेचणीहून आली की चारच्या सुमारास ती माझ्या ओट्यावर यायची, हातपाय धुवायची आणि पोथीला बसावं तशी मांडी घालून बसायची. तिची बोटं कापसाच्या बोंडांनी चिरलेली असायची. मी म्हणायचे, "म्हणा, बाळ."

"बाय."

"जीभ उलटी वळवा, टाळूला लावा. बाळ."

"बाय."

असे आठ दिवस गेले. शेजारीण कुंपणावरून डोकवायची. माझा धीर सुटत चालला. शेवटी मी वैतागून म्हटलं, "मावशी, सोपं करून सांगते. तोंडात य येतोय असं वाटलं ना, की जीभ वळवा. बस्स, दुसरं काही लक्षात ठेवू नका."

नवव्या दिवशी तिनं म्हटलं, "बाळ."

ती स्वतःच दचकली. तोंडावर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिली, मग पुन्हा म्हणून पाहिलं. बाळ. डोळे. काळोख. फाटकापर्यंत जाताना ती बाळ, बाळ, बाळ म्हणत गेली, आणि मी ओट्यावर बसून स्वतःवर खूश झाले. पाठातल्या ज्या ज्या शब्दात ळ होता त्याखाली मी लाल पेन्सिलीनं रेघ मारून दिली होती. तेवढे शब्द मी तिच्याकडून घोटून घेतले, आणि सेक्रेटरींना सांगून टाकलं की मावशी पास आहेत. सबंध पाठ सलग म्हणून घ्यायला हवा होता. तो घेतला नाही. नाताळच्या आधी मेजाच्या नव्या कापडाला काठ शिवायचा होता, त्यात मी गुंतले. पस्तीस वर्षं वर्गात घालवलेल्या बाईची ही शिकवणी!

नाताळच्या सकाळी चर्च गच्च भरलं. मावशी खळ घातलेल्या पांढऱ्या साडीत, केस चापून बसवलेले. मुलगा आणि सून तिसऱ्या बाकावर. मी मेजाजवळच्या बाकावर बसले होते, पाळकांच्या हाताशी काही लागलं तर द्यायला. गाणं संपलं. मावशी उठली, स्टँडपाशी गेली, कागद उलगडून ठेवला, आधी मुलाकडे पाहिलं आणि हात जोडून, मोठ्यानं, जीभ नीट टाळूला लावून म्हणाली, "जळ ख्रिस्त."

जन्मभर ती जय ख्रिस्त म्हणत आली होती. पण बाईंनी सांगितलं होतं, य आला की जीभ वळवा. तिला वाटलं असणार, हेही आपण आजवर चुकीचंच म्हणत होतो.

एक क्षण कुणाला कळलं नाही. मग मागच्या बाकांवरून कुणीतरी फुस्सकन हसलं आणि ते हसू पुढं सरकत आलं. मावशीला वाटलं, मंडळीनं उत्तर दिलं. तिनं वाचायला सुरुवात केली. बाळ आलं, आणि काय सुंदर म्हटलं तिनं! कुणी ऐकलं नाही. मग न्याय आला, तिनं न्याळ म्हटलं. दयेची दळा झाली. भय आलं ते भळ झालं. आता लोक वाटच पाहत होते. पुढचा शब्द यायच्या आधीच खांदे हलायला लागायचे. गाणाऱ्या मुली एकमेकींच्या मांडीवर चिमटे काढत होत्या. सेक्रेटरी मोबाईलच्या स्टँडमागे उभे राहून तोंडावर रुमाल धरून हलत होते, आणि मोबाईल चालूच. त्यांना तो बंद करता आला असता. पाळकसाहेब पुस्तकात नाक घालून बसले. तिसऱ्या बाकावर मुलानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

तोवर मावशीला कळलं होतं. तिचा आवाज बारीक होत गेला, बोट मात्र थांबलं नाही. शेवटच्या शब्दापर्यंत ती वाचत गेली, चुकीचं, सगळं चुकीचं, मी शिकवलेलं. आणि मी काय केलं? मेजावरच्या कापडाला सुरकुती नव्हती, तरी मी उठून ती नीट केली.

दुपारचं जेवण व्हायच्या आत तो तुकडा गावातल्या सगळ्या मोबाईलवर फिरला. तिसऱ्या दिवशी कमिटी बसली, आणि त्या दिवशी जे पाहिलं त्याहून ओंगळ मी काही पाहिलेलं नाही. रुमाल तोंडात कोंबून हसलेली माणसं आता डोळे पाणावून बसली होती. प्रभूचा अपमान झाला! पवित्र जागी अभद्र बोललं गेलं! "हे जगभर गेलं, पायकसाहेब," सेक्रेटरी म्हणाले. "मंडईसमोर माफी पायजे." मंडळी म्हणायचं होतं त्यांना. कमिटीतल्या एका बाईंनी तर पदराला डोळे पुसले. मेल्यांनो, हसताना कुठं होता तुमचा प्रभू? हे मी म्हटलं, पण मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "चूक उच्चाराची आहे हो, मनातली नाही." एवढंच. ही माझी शिकवणी आहे, य आला की जीभ वळवा हे मी सांगितलं, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. पस्तीस वर्षांचं नाव, दुसरं काय? त्या गिळलेल्या वाक्याची आंबट चव अजून घशात आहे.

ठरलं असं की नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी मावशीनं सगळ्यांसमोर माफी वाचून दाखवायची. मजकूर बाईंनी लिहायचा, कारण बाईंचं मराठी शुद्ध. पाळकसाहेब मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "त्यांना सोपं जाईल असं लिहा. ळ नको. य पण नको." दयाळूपणे म्हणाले, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

आणि मी लिहिलं. टेबलाशी बसून, ळ आणि य चुकवत. मंडळी लिहिता येईना, नाताळ लिहिता येईना, प्रिय लिहिता येईना, क्षमेची याचना तर नाहीच नाही. चार कागद फाडले. शेवटी उरलं ते असं: मी माफी मागते. चूक मोठी होती, ती माझीच होती. पुन्हा होणार नाही. मी ते दोनदा वाचलं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. शब्द बिनचूक जमले याचंच मला बरं वाटलं. कागद मावशीला नेऊन दिला. तिनं तो घेतला, घडी घातली. "बसा" म्हणाली, चहा टाकला. मुलगा आत सुनेबरोबर सामान बांधत होता. त्यांची गाडी रविवारीच मलकापूरहून होती.

रविवारी पाळकांनी तिचं नाव घेतलं. ती उठली. स्टँडपाशी गेली, पण हात जोडले नाहीत, जय म्हटलं नाही. कागद उघडून समोर ठेवला, पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. मंडळी वाट पाहत होती. मागं एकदोघांचे खांदे आधीच तयार होते. बोट हललं नाही. मग तिनं बोट उचललं, कागदाची घडी घातली आणि तिसऱ्या बाकाकडे न पाहता म्हणाली, "मले वाचता येत नाई. बाई वाचतीन."

सेक्रेटरींनी मला हातानं खूण केली, जा, जा. मी गेले. तिनं कागद माझ्या हातात दिला आणि बाजूला उभी राहिली. मी वाचलं. मी माफी मागते. चूक मोठी होती, ती माझीच होती. पुन्हा होणार नाही. हे वाचता वाचताच मला पहिल्यांदा ऐकू आलं की आपण काय लिहून बसलो होतो. तिथं थांबून मला पुढं बोलता आलं असतं. मंडळी समोर होती, मोबाईल चालू होता, मावशी हातभर अंतरावर होती. हे शब्द हिचे नाहीत, माझे आहेत, एवढंच म्हणायचं होतं. मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "आमेन." सगळे म्हणाले, आमेन. कुणी हसलं नाही. माझे उच्चार शुद्ध आहेत.

उपासनेनंतर दाराशी सेक्रेटरींनी माझा हात धरून हलवला. "वाचावं तं असं," ते म्हणाले. मला तो हात साबणानं धुवावासा वाटला, आणि तरीही मी त्यांच्याकडे पाहून हसले.

बाहेर जीप उभी होती, सून बॅगा चढवत होती. मुलगा माझ्याकडे आला, वाकून नमस्कार केला. रागावलेला नव्हता, अदबीनंच बोलला. "बाई, तुम्ही चांगल्या भावनेनं केलंत, मला कळतं. पण आईला वाचता येत नाही. तुम्ही उगाच तिला नादी लावलंत. आता या वयात तिला लोकांसमोर उभं करू नका."

मावशी त्याच्या मागेच उभी होती. मी म्हटलं, "नाही रे बाबा, तसं नाही, तिला चांगलं..."

मावशीनं मला पुढं बोलू दिलं नाही. मुलाच्या खांद्यावरची धूळ हातानं झटकत ती म्हणाली, "हाव ना बाई. खरंच म्हणते तो. मले नाई येत."